मदत हवी आहे: मामाजींच्या दोन्ही डोळ्यांची नस सुकली म्हणतात, इलाज कुठे होईल?

पळसफूल

नमस्कार मंडळी. पांढरकवड्याकडच्या एका खेड्यातून लिहिते आहे. इथलं वाचत असते, लिहायची वेळ आज आली.

माझे सासरे, आम्ही मामाजी म्हणतो, वय ६१. दिवाळीपर्यंत वेचणीवर देखरेख, वजनकाटा, बायांचा हिशेब, सगळं स्वतः पाहायचे. मग नजर उतरत गेली. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून तालुक्याला चष्मा बदलला, फरक शून्य. एका शिबिरात मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणाले. आता दुसऱ्या एका डॉक्टरांनी मशीनवर पाहून सांगितलं की मोतीबिंदू नावापुरता आहे, खरं दुखणं मागच्या नसेचं. दोन्हीकडची नस सुकत चालली आहे आणि सुकलेल्या नसेला औषध नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या, बाकी देवावर ठेवा म्हणाले.

इकडे माझ्या भासऱ्यांना कोणीतरी एका मोठ्या शहरातल्या केंद्राचा नंबर दिला. ते लोक फोनवर सांगतात, विहिरीवरच्या मोटारीची जळालेली वायर बदलतात ना, तशी स्टेम सेलनं नस नवी करून देतो. खर्च २ लाख ८० हजार, त्यातले २० हजार आधी. भासरे बैलजोडी काढायला निघाले आहेत. आमचे हे म्हणतात, आधी नीट कुठे तरी दाखवू. घरात रोज यावरून वाजतं आणि मामाजी ओसरीत बसून सगळं ऐकतात.

नसेवर खरंच काही इलाज निघाला आहे का? नागपूर, वर्धा किंवा हैदराबाद, कुठे न्यावं? एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का? कृपया माहीत असेल त्यांनी सांगा.

गोंदियाकर

ताई, काळजी करू नका. माझ्या आईला काचबिंदू आहे, म्हणजे नसच खराब होते. गेलेली नजर परत आली नाही, पण रोज थेंब टाकून उरलेली बरीच वर्षं टिकून आहे. मामाजींच्या डोळ्याचं प्रेशर मोजलं का?

वऱ्हाडी_ठेचा

नेत्रतर्पण करून पाहा. तुपाचं करतात. आमच्या गावातल्या एकाला गुण आला होता.

शांतीपुरी

ठेचाभाऊ, त्या एकाला झालं काय होतं ते तरी सांगा! डोळे कोरडे पडले असतील तर तुपानं बरं वाटेलच. इथे नसेचा मामला आहे.

रेटिना

मी नेत्रतज्ज्ञ आहे, विदर्भातच काम करतो. नस सुकली हे दुखण्याचं नाव नाही, तो शेवटी दिसणारा परिणाम आहे. काचबिंदू, नसेची सूज, नसेचा रक्तपुरवठा तुटणं, डोक्याला मार, मेंदूतली गाठ, बी १२ ची कमतरता, विषारी दारू, काही औषधं, या सगळ्यांच्या शेवटी नस फिकी पडलेली दिसते. इलाज ठरतो तो कारणावर. त्यामुळे आधी मला उत्तरं द्या.

दोन्ही डोळ्यांची नजर एकदमच उतरली का एकामागून एक? डोळा हलवताना दुखायचं का? रंग ओळखता येतात का? मधोमध दिसत नाही का कडेचं? शुगर, बीपी? खर्रा, तंबाखू, दारू? (दारूबंदीच्या जिल्ह्यात राहता की नाही याच्याशी या प्रश्नाचा संबंध नाही, हे अनुभवानं सांगतो.) आणि गेल्या वर्षभरात कोणकोणत्या गोळ्या चालू होत्या? सगळ्या. पाकिटांचे फोटो काढून ठेवा.

पळसफूल

डॉक्टर, इतकं कोणी विचारलंच नव्हतं.

दोन्ही बरोबरीनं उतरली. दुखलं नाही कधी. दारू पीत नाहीत, माळ आहे गळ्यात. खर्रा मात्र सुटत नाही. बीपीची गोळी खूप वर्षांपासून चालू आहे, शुगर नाही.

रंगांचं विचारलंत म्हणून सांगते. सांदवाडीत आमची थोडी मिरची आहे. मागे ते पिकलेली मिरची तोडायला बसले आणि टोपलीत लाल-हिरवी सगळी एकत्र. मी हसले, तर म्हणाले, "सुनबाई, मले तं सारी मातकटच दिसते." तेव्हा गमतीवर नेलं आम्ही. समोर बसलेल्याचं तोंड त्यांना दिसत नाही, पण बाजूला ठेवलेला गडवा दिसतो. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे पाहत बोलतात.

गोळ्या म्हणाल तर बीपीची आणि टीबीच्या. फुप्फुसाचा टीबी निघाला होता, सरकारी गोळ्या चालू आहेत. पाचवा महिना चालू आहे. खोकला थांबला, वजन वाढलं, छान सुधारले होते. रोज ३ गोळ्या. पाकिटावर आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, एथाम्बुटॉल असं लिहिलं आहे.

रेटिना

ताई, बाकीचं नंतर. आजची गोळी घेतली नसेल तर घ्यायच्या आधी, घेतली असेल तर उद्याची घ्यायच्या आधी, मामाजींना ते पाकीट घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर उभं करा. "एथाम्बुटॉल चालू आहे आणि नजर उतरली, रंग ओळखू येत नाहीत" हे एवढं वाक्य बोला. त्यांना पुढे काय ते कळेल.

एथाम्बुटॉलचा हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. दोन्ही डोळे सारखेच, दुखणं नाही, लाल-हिरव्यात गोंधळ, मधोमध डाग, आणि औषध सुरू होऊन सहसा २ महिने उलटून गेल्यावर. तुम्ही सांगितलेलं सगळं त्यात बसतं. मी पेशंट पाहिलेला नाही, त्यामुळे हेच आहे असं छातीठोक म्हणणार नाही. पण हे असेल तर यात एकच गोष्ट खात्रीनं उपयोगाची आहे: ते औषध लवकरात लवकर थांबणं.

आता दुसरी बाजू, तितकीच महत्त्वाची. टीबीच्या सगळ्या गोळ्या घरच्या घरी बंद करून बसू नका. अर्धवट सोडलेला टीबी उलटतो आणि औषधांना दाद देईनासा होतो. थांबवायचं आहे ते फक्त एथाम्बुटॉल, पण तिन्ही औषधं एकाच गोळीत असल्यामुळे तुम्हाला ते वेगळं काढता येणार नाही. डॉक्टर सुट्या गोळ्या लिहून देतील. म्हणून तर म्हणतो, आजच जा.

निवृत्त_आरोग्यसेवक

डॉक्टरसाहेब बराबर बोलून राह्यले. म्या टीबीचंच काम केलं. पयले एक दिवसाआड गोळ्या राहायच्या, अन् शेवटच्या ४ महिन्यांत एथाम्बुटॉल नसायचंच. २०१७ पासून रोजच्या गोळ्या आल्या तवापासून ते पूरे ६ महिने चालते. टीबी बरा व्हाले ते चांगलंच हाये, पण डोये तपासाचं ध्यान ठेवा लागते. पेशंटले बी कोणी सांगत नाई का लाल-हिरवं पाहत जा म्हून.

ताई, पीएचसीत डॉक्टर नसन तं तालुक्याच्या टीबी सुपरवायझरले फोन लावा, आशाताईपाशी नंबर राह्यते. त्यायचाबी फोन नाई लागला तं निक्षयचा, म्हंजे सरकारी टीबी कार्यक्रमाचा, फुकटचा नंबर हाये, १८००-११-६६६६. अन् त्या स्टेम सेलवाल्याले एक रुपया देऊ नका.

पळसफूल

ह्यांनी गाडी काढली आहे. आल्यावर लिहिते.

नागपुरी_संत्रं

मला एक कळत नाही, मशीनवर तपासणाऱ्या डॉक्टरांना हे दिसलं कसं नाही? हलगर्जीपणा नाही का हा?

रेटिना

नस पाहून कारण कळत नाही, संत्रं. उलट या दुखण्यात सुरुवातीला पडदा आणि नस दोन्ही चक्क नॉर्मल दिसतात. पेशंट म्हणतो दिसत नाही, डॉक्टरला डोळ्यात काही सापडत नाही, म्हणून मग चष्मा बदला, मोतीबिंदू असेल, वय झालं. नस फिकी दिसायला लागते ती उशिरा. रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली असती किंवा औषधं विचारली असती तर लागलीच शंका आली असती, हे खरं. पण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात काय होतं ते मलाही माहीत आहे.

गोंदियाकर

मग नेत्रदानातला डोळा बसवला तर?

रेटिना

नेत्रदानातून बसवतात ती फक्त बुब्बुळावरची पारदर्शक काच, कॉर्निया. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला अख्खा डोळा बसवण्याची शस्त्रक्रिया झाली. डोळा जगला, त्यात रक्त फिरलं, पण त्यानं दिसलं नाही. डोळ्याच्या नसेत १० लाखांहून जास्त तंतू असतात, ते मेंदूचाच भाग आहेत, आणि एकदा मेले की हाता-पायाच्या नसेसारखे पुन्हा वाढत मेंदूपर्यंत पोहोचत नाहीत. मोटारीच्या वायरचा दाखला त्या केंद्रानं दिला तो तिथेच खोटा पडतो.

पळसफूल

उशीर झाला लिहायला, घरात फार धावपळ चालू होती.

पीएचसीतल्या मॅडमनी पाकीट पाहिलं आणि ती गोळी तिथेच थांबवली. सुट्या गोळ्या जिल्ह्यावरून मागवून दिल्या, सोबत बी ६ ची एक. माझी नणंद वर्ध्याला असते, म्हणून यवतमाळऐवजी हिंगणघाटवरून सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात नेलं. टीबीचे आणि डोळ्याचे डॉक्टर एकाच आवारात मिळाले, त्याचा फार उपयोग झाला.

तिथे रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. पहिल्या पानावरचे १२ मामाजींनी वाचले, आम्हाला हायसं वाटलं. मग डॉक्टर म्हणाले की ते पान रंगांध माणसालाही वाचता येतं. पुढचं एकही पान आलं नाही. दोन्ही डोळ्यांची नजर ६/६०, म्हणजे चांगल्या डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते त्यांना ६ मीटरवरून दिसतं. यंत्रात तोंड घालून दिवा दिसला की बटण दाबायचं, त्यात बरोबर मधोमध काळा डाग आला. नसेचा ओसीटी, म्हणजे थरांची जाडी दाखवणारा स्कॅन, काढला, मेंदूचा एमआरआय केला. एमआरआयमध्ये गाठबिठ काही नाही. रक्तात बी १२ कमी आणि क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) वाढलेलं निघालं.

निदान तुम्ही म्हणालात तेच.

आता खरं विचारते डॉक्टर, ते लोक म्हणाले वाट पाहू. वाट पाहणं हाच इलाज आहे का? स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात असं वाचलं. आणि डोस जास्त झाला होता का?

रेटिना

फार चांगलं केलंत.

डोसचं आधी. मामाजींचं वजन किती? ४६ च्या आसपास असेल तर ३ गोळ्या नियमाप्रमाणेच आहेत. एका गोळीत २७५ मिलिग्रॅम एथाम्बुटॉल, म्हणजे ८२५, किलोमागे साधारण १८. पण हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं. बीपीमुळे मूत्रपिंड थकलेलं असेल तर तोच डोस अंगात साठत जातो. क्रिएटिनिनचं उत्तर तिथे आहे. वय, तंबाखू आणि कमी बी १२ यांनी भर घातली असेल.

वाट पाहणं हा इलाज वाटत नाही हे कळतं. पण औषध थांबवणं हाच इलाज होता आणि तो झाला. पुढे काय होतं ते तीन तऱ्हांनी. बऱ्याच जणांची नजर काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत हळूहळू वर येते. काहींची अर्ध्यावर थांबते. थोड्यांची औषध बंद केल्यावरही काही दिवस उतरत राहते, तेव्हा घाबरून स्टेम सेलवाल्याकडे पळू नका. थांबवूनही उतरणं थांबलं नाही तर आयसोनियाझिडवरही शंका घ्यावी लागते, तेही क्वचित हा त्रास देतं. बी ६ त्यासाठी. बी १२ कमी आहे तर त्याची इंजेक्शनं घ्याच. त्यानं एथाम्बुटॉलची इजा भरून निघते असा पुरावा नाही, पण कमतरता स्वतःच नसेला मारते. आणि खर्रा आजपासून बंद. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

स्टेरॉइड वेगळ्या आजारासाठी. तरुण बायांना बऱ्याचदा एका डोळ्याच्या नसेला सूज येते, डोळा हलवला की दुखतो, त्यात शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन देतात. १९९२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलं की त्यानं नजर लवकर येते, पण सहा महिन्यांनी पाहिलं तर न दिलेल्यांचीही जवळपास तेवढीच आलेली होती. मामाजींना सूज नाही, विषबाधा आहे. त्यात टीबी अंगात असताना मनानं स्टेरॉइड म्हणजे बरा होत आलेला टीबी भडकवणं.

शांतीपुरी

माझ्या बहिणीला हेच सूजवालं झालं होतं. नागपूरला ३ दिवस सलाइनमधून दिलं, नजर आली. तेव्हापासून घरातला प्रत्येक जण कोणाचाही डोळा दुखला की तेच सलाइन सुचवतो!

वऱ्हाडी_ठेचा

ते स्टेम सेलचं मात्र पूर्ण खोटं कसं म्हणता? विज्ञान पुढे जातंय की.

रेटिना

संशोधन चालू आहे, ते मी नाकारत नाही. पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांसाठीचं मूळपेशी (स्टेम सेल) प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं नोंदणी झालेल्या चाचणीतच करता येतं, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. म्हणजे ज्यानं २ लाख ८० हजार मागितले त्यानंच सांगून टाकलं की ही चाचणी नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकनं पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी डोळ्यांत टोचल्या आणि ३ बायकांची नजर गेली, हे २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यांचं दुखणं नसेचं नव्हतं, पडद्याचं होतं, आणि टोचण्याआधी त्यांना बऱ्यापैकी दिसत होतं.

पळसफूल

हे वरचं सगळं मी भासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी बैलांना सरकी-ढेप टाकताना दिसले, म्हणजे बैल राहिले असं समजते. २० हजार भरलेले नव्हते, नशीब.

आणखी एक विचारायचं होतं. गावातले लोक म्हणतात अपंगाचं प्रमाणपत्र काढून घ्या, निराधारचे पैसे सुरू होतील. काढावं का?

निवृत्त_आरोग्यसेवक

घाई करू नका ताई. नजर वर येत असन तं बोर्डवाले थांबाले सांगतात. ४० टक्क्यांच्या वर ठरलं तरच बहुतेक योजना लागू होतात. यूडीआयडीचा, म्हंजे अपंगाच्या कार्डाचा, अर्ज ऑनलाइन भरता येते, मंग जिल्ह्याच्या ठिकाणी तपासाले बोलावतात. कागद तेवढे सारे जपून ठेवा, सेवाग्रामचे बी अन् पीएचसीचे बी. अन् टीबीचे पोषणाचे महिन्याचे १००० रुपये खात्यात येतात का नाई ते पाहा. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ५०० चे १००० झाले.

रेटिना

सहमत. तोवर एक काम करा. ते तुमच्या कानाकडे पाहत बोलतात म्हणालात ना, ते करू द्या, तोंडाकडे पाहा म्हणून टोकू नका. मधली नजर गेली की माणूस आपोआप बाजूच्या नजरेनं पाहायला शिकतो. ती सवय पक्की करायची. जाड भिंग, उजेड मागून नि बाजूनं, ताटात पांढऱ्या भातावर पांढरं ताक नको. पायरीच्या कडेला पिवळा रंग नाही, चुन्याचा जाड पट्टा मारा, रंगापेक्षा उजळ-गडद फरक त्यांना लवकर कळेल. सेवाग्रामला पुढच्या खेपेला लो व्हिजनबद्दल, म्हणजे उरलेली नजर वापरायला शिकवतात त्याबद्दल, विचारा.

पळसफूल

चुन्याचा पट्टा मारला. मामाजी म्हणाले, पोळा आला का काय.

टीबीचा कोर्स संपला, थुंकीची तपासणी चांगली आली. डोळ्याची तपासणीही झाली. उजवा ६/२४, डावा ६/३६. ठिपक्यांच्या पुस्तकातली काही पानं आता येतात, पण सांगताना चाचपडतात. मिरची तोडायला मी अजून बसवलं नाही, तेच परवा जाऊन बसले होते. निम्म्या बरोबर होत्या. डॉक्टर म्हणाले सुधारणा अजून काही महिने चालू राहू शकते, कुठे थांबेल सांगता येत नाही. वजनकाटा सध्या ह्यांच्याकडे आहे आणि त्यावरून मामाजींची रोज किरकिर असते.

खर्रा सुटला असं ते म्हणतात. माझा विश्वास नाही.

सगळ्यांचे आभार.

कन्हान_काठ

धागा पूर्ण वाचला. माझी मावशी भंडारा जिल्ह्यात असते. तिला साध्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी आहे, तिच्या औषधांत एथाम्बुटॉल नाही. पण हल्ली वाचताना अक्षरं पुसट दिसतात म्हणते आणि पायाला मुंग्या येतात. मग हे डोळ्याचं तिला लागू नाही ना?

रेटिना

लागू आहे. यादीत लिनेझोलिड आहे का पाहा. तेही डोळ्याच्या नसेला आणि हाता-पायाच्या नसांना त्रास देतं, मुंग्या त्याच्याच असू शकतात. मनानं काही बंद करू नका, पण जिथून तिची औषधं चालू आहेत त्या केंद्रावर उद्याच न्या आणि दोन्ही तक्रारी सांगा. सविस्तर नवीन धागा काढून लिहा, औषधांची पूर्ण यादी आणि कधीपासून चालू आहेत ते टाका. मी तिथे उत्तर देतो.